मुखत्यारपत्र

निवृत्त नोकरांच्या संघटनेचा चिटणीस म्हणून कुठल्याही कचेरीत गेलं की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'तुम्ही यांचे कोण?' मुलगा, जावई, वकील यांपैकी काहीच नसलेला माणूस दुसऱ्याच्या पेन्शनीची चौकशी का करतोय, हे टेबलापलीकडच्याला खरोखरच कळत नसतं. प्रश्न उद्धट वाटला तरी रास्त आहे. दुसऱ्याच्या वतीने मागायचा अधिकार माणसाला येतो कुठून? पुण्यात हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी फार गांभीर्याने विचारला गेला होता आणि त्याला दिलेलं उत्तरही गंभीर होतं. पेन्शन नावाच्या गोष्टीचा आपल्याकडचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा तोही याच प्रश्नाभोवती फिरताना दिसला.

आधी आमच्याबद्दल थोडं. लोणी काळभोर हे हवेली तालुक्यातलं, सोलापूर रस्त्यावरचं गाव. पुण्यातून निघाल्यावर तुकोबांची पालखी पहिला मुक्काम इथे करते. थोरले माधवराव पेशवे जिथे १७७२ साली वारले ते थेऊर इथून जवळच. गावाच्या स्टेशनावर पुणे-दौंड गाडी थांबते, शेजारी तेल कंपन्यांचे डेपो आहेत. पुणे महापालिकेची हद्द १९९७मध्ये वाढली, २०१७मध्ये ११ गावं आत गेली, २०२१मध्ये आणखी २३ गेली. हद्द हडपसर ओलांडून मांजरी-शेवाळेवाडीपर्यंत आली, पण लोणीत अजून ग्रामपंचायतच आहे. तरीही शहराची नोकरी केलेले लोक इथे बरेच आहेत. तीस-पस्तीस वर्षं शहराचे रस्ते झाडले, पाणी सोडलं, जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या, आणि निवृत्तीच्या पैशात शहरात खोलीही येईना म्हणून दोन गुंठे जागा बघून लोणीत किंवा कदमवाकवस्तीत येऊन राहिले. कोणी पुण्याच्या महापालिकेतून निवृत्त झालेला, कोणी पिंपरी-चिंचवडच्या, दोघं-तिघं मुंबईचे. ज्या शहराने पगार दिला त्या शहराचे हे लोक आता मतदारही नाहीत. पेन्शन एवढाच धागा उरलेला. मी स्वतः आस्थापना विभागात कारकून होतो. सेवापुस्तकं लिहिण्यात जन्म गेला. त्यामुळे निवृत्तीनंतर चिटणीसपद माझ्या गळ्यात पडणं स्वाभाविकच होतं.

आता तो जुना प्रश्न. १८७०च्या सुमारास पर्वती संस्थानाच्या कारभाराबद्दल पुणेकरांच्या तक्रारी होत्या. तक्रार घेऊन सरकारकडे जायचं, तर जाणाऱ्यांना लोकांनी पाठवलंय याचा पुरावा काय? यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे तिचे चालक. सभेने सभासदत्वासाठी एक अट घातली: सभासद व्हायचं असेल, तर किमान पन्नास सज्ञान माणसांनी सही करून दिलेलं मुखत्यारपत्र आणा. असे ९५ सभासद झाले आणि त्यांच्या मागे सुमारे सहा हजार माणसांच्या सह्या होत्या. मतदानाचा हक्क कोणालाच नव्हता त्या काळात हे घडलं. 'तुम्ही यांचे कोण' असं सरकारने विचारलंच, तर सभा कागद पुढे करू शकत होती: आम्ही यांचे मुखत्यार.

पुणेकरांना कागदाचं एवढं महत्त्व का वाटावं, याला कारण होतं. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी काही नेमणूक चालवत. तिला 'बालपरवेशी' म्हणत. वर्षासनं होती, इनामं होती. या सगळ्या देण्यामागे धन्याची मर्जी असे, पण मोडू नये अशी रीतही असे. १८१८ साली राज्य गेलं आणि दुसऱ्या बाजीरावाला वर्षाला आठ लाख रुपयांची पेन्शन ठरवून कंपनीने बिठूरला पाठवलं. महाराष्ट्राने ऐकलेली सगळ्यात मोठी पेन्शन ही. जानेवारी १८५१मध्ये बाजीराव वारला आणि डलहौसीच्या सरकारने त्याच्या दत्तक मुलाला, नानासाहेबाला, ती पुढे देण्यास नकार दिला. नानासाहेबाने १८५३मध्ये अजीमुल्ला खान या आपल्या मुखत्याराला लंडनला पाठवलं. अजीमुल्ला हाती काही न लागता परतला. कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं होतं की पेन्शन बाजीरावाला दिली होती, तो गेला, विषय संपला. पुढे १८५७ साली काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

त्याच सुमारास इकडे दक्षिणेत इनाम कमिशनचं काम जोरात सुरू होतं. १८५२च्या ११व्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले आणि घरोघरच्या सनदा तपासल्या जाऊ लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या खात आलेल्या जमिनीचा कागद दाखवता आला नाही, तर ती सरकारजमा. 'कागद जपून ठेव' ही आपल्याकडच्या आज्यांची शिकवण त्या काळापासूनच पक्की झाली असावी, असं मला वाटतं.

सार्वजनिक सभा स्थापन झाल्याच्या पुढच्याच वर्षी सरकारने पेन्शन्स अॅक्ट, १८७१ हा कायदा केला. त्याच्या चौथ्या कलमाचा अर्थ सरळ आहे: सरकारने दिलेल्या पेन्शनीबद्दल किंवा नेमणुकीबद्दल दिवाणी कोर्टात दावा चालणार नाही. तक्रार असेल तर कलेक्टरकडे जा. कलेक्टरने दाखला दिला तरच कोर्टाचं दार उघडेल. ज्याने द्यायचं त्याच्याचकडे 'देत नाही' अशी तक्रार करायची. याच कायद्यात ११वं आणि १२वं अशी दोन चांगली कलमंही आहेत. पेन्शनीवर सावकाराची जप्ती येऊ शकत नाही, आणि पुढे मिळणारी पेन्शन आधीच कोणाच्या नावे लिहून दिली तर ते लिहिणं रद्दबातल ठरतं. आजही एखाद्या मावशींचं पासबुक आणि एटीएम कार्ड उसने पैसे देणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवलेलं कळतं, तेव्हा आम्ही त्याला १८७१चा कायदा ऐकवतो. कार्ड बहुतेक वेळा परत येतं.

ही झाली सरकारी पेन्शनची गोष्ट. शहराच्या नोकराची त्याहून वेगळी. पुण्यात नगरपालिका आली १८५७च्या सुमारास. तिची महापालिका झाली १५ फेब्रुवारी १९५० रोजी. जोतीराव फुले, टिळक, गोखले, न. चिं. केळकर ही सगळी मंडळी या ना त्या काळात पुण्याच्या नगरपालिकेत बसली. त्या काळाबद्दल आपण वाचतो ते पाणी, दिवे, प्लेगचा बंदोबस्त आणि निवडणुका यांबद्दल. शहर रोज पहाटे झाडणाऱ्यांचं म्हातारपण हा विषय त्यात फारसा येत नाही. पालिकेचा नोकर हा सरकारचा नोकर नव्हे. त्यामुळे सरकारी पेन्शनीचे नियम त्याला आपोआप लागू होत नसत. फंड आणि निरोपाच्या वेळी हातावर ठेवलेली रक्कम, एवढ्यावर पुष्कळांची बोळवण होई. झाडणकाम, मैला आणि गटारं ही कामं जातीने वाटून दिलेली होती, आणि ज्याचं काम हलकं मानलं त्याच्या म्हातारपणाचा हिशेबही हलकाच मांडला गेला. मुंबईत डॉ. आंबेडकरांनी १९३०च्या दशकात म्युनिसिपल कामगारांचा स्वतंत्र संघ उभा केला, त्यामागचं कारण यात दिसतं. स्वातंत्र्यानंतर एकेका पालिकेने पेन्शन स्वीकारली; कोणी आधी, कोणी उशिरा, प्रत्येकीने आपापला ठराव करून. एकाच हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या दोन शहरांतल्या दोन माणसांचे हिशेब आजही जुळत नाहीत, त्याचं मूळ तिथे आहे.

पेन्शन ही मेहेरबानी नाही, हे कायद्याच्या भाषेत म्हटलं जायला बरोबर शंभर वर्षं लागली. १९७१ साली बिहारच्या शिक्षण खात्यातल्या देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन सरकारच्या मर्जीवर अवलंबून नाही. ती नोकराची मालमत्ता आहे. १८७१च्या कायद्याचं चौथं कलम रिट अर्जाच्या आड येत नाही, हेही त्याच निकालात आलं.

त्यानंतर ११ वर्षांनी नकारा खटल्याचा निकाल लागला. केंद्र सरकारने २५ मे १९७९च्या आदेशाने पेन्शन मोजण्याची पद्धत सुधारली. आधी शेवटच्या ३६ महिन्यांच्या पगाराची सरासरी धरत, ती १० महिन्यांची केली. त्यामुळे पेन्शन वाढली. पण ३१ मार्च १९७९ला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांचीच. आदल्या दिवशी निवृत्त झालेला जुन्या हिशेबातच राहिला. संरक्षण मंत्रालयात वित्त सल्लागार असलेले डी. एस. नकारा १९७२ साली निवृत्त झाले होते. ते कोर्टात गेले. १७ डिसेंबर १९८२ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला की निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांचे दोन तुकडे पाडणं समानतेच्या तत्त्वात बसत नाही. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, जन्माने पुण्याचे. निकालपत्र लिहिलं न्या. डी. ए. देसाई यांनी. देशभरातले पेन्शनर १७ डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात तो यामुळे.

या निकालातलं समानतेचं तत्त्व नेहमी सांगितलं जातं. मला त्यातला दुसराच एक मुद्दा मोलाचा वाटतो. या खटल्यात तिसरी अर्जदार होती 'कॉमन कॉज' ही एच. डी. शौरी यांनी स्थापलेली संस्था. १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली, म्हणजे आमच्या संघटनेसारखीच. सरकारतर्फे आक्षेप आला की या संस्थेला पेन्शन मिळत नाही, मग हिचा इथे संबंध काय? 'तुम्ही यांचे कोण?' हा प्रश्न आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयात विचारला जात होता. कोर्टाने उत्तर दिलं की थकलेल्या, एकट्या म्हाताऱ्यांना कोर्टकचेरीची खर्चाची आणि लांबणीची वाट एकेकट्याने चालवत नाही; ते संस्थेकडे आले, आणि संस्थेने त्यांची बाजू मांडायला हरकत नाही. सार्वजनिक काकांच्या पन्नास सह्यांमागचा विचार ११२ वर्षांनी असा मान्य झाला. त्या परिच्छेदाचा मराठी सारांश टाईप करून मी आमच्या फायलीत पहिल्या पानावर लावला आहे.

पण नकारा निकालाने सगळ्यांचं भलं झालं असं नाही. रेल्वेतल्या ज्या लोकांनी पूर्वी पेन्शनीऐवजी फंड घेतला होता, त्यांनी नंतर 'आम्हालाही पेन्शनीत घ्या' म्हणून दावा केला. कृष्णकुमार खटल्यात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. फंड घेणाऱ्याचा हिशेब निवृत्तीच्या दिवशी मिटतो, पेन्शनीचं देणं माणूस जिवंत आहे तोवर चालू राहतं, म्हणून हे दोन वर्ग वेगळे, असं त्यात सांगितलं. नगरपालिकांमधल्या जुन्या लोकांसाठी हा मुद्दा फार जिव्हाळ्याचा आहे. पेन्शन आली तेव्हा त्यांनाही विकल्प भरून द्यायला सांगितलं गेलं होतं. छापील फॉर्मवर एक खूण करायची. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी विचार करून केली. ज्यांना येत नव्हतं त्यांचा अंगठा कोणत्या रकान्यापुढे उमटला, हे त्यांना कधी कधी निवृत्तीच्या दिवशी कळलं.

संघटनेचं काम समजून घ्यायचं तर या अंगठ्यापासून सुरुवात करावी लागते. हक्क दिल्लीत ठरला तरी तो लोणीत आपोआप पोचत नाही. त्याला टेबल, कागद आणि बसायला तयार असलेला एक माणूस लागतो.

महिन्यातून दोनदा आम्ही बसतो. सगळ्यात जास्त गर्दी नोव्हेंबरात, कारण तो हयातीच्या दाखल्याचा महिना. माणूस जिवंत आहे हे दरवर्षी सिद्ध करायचं, नाहीतर पेन्शन थांबते. नोव्हेंबर २०१४मध्ये केंद्राने 'जीवन प्रमाण' आणलं आणि बोटाच्या ठशावर दाखला निघू लागला. सोय चांगली, पण तीस वर्षं खराटा आणि फावडं धरलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ठसा घेत नाही. कारकुनाचा ठसा पहिल्या फटक्यात लागतो आणि झाडणकाम केलेल्या बाईला चार-चार वेळा बोट पुसून ठेवावं लागतं, हे आम्ही दरवर्षी बघतो. पुढे चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली तेव्हा सुटका झाली. पण त्यासाठी चांगला मोबाईल आणि तो धरून बसणारा कोणीतरी लागतो. आमच्याकडे ते काम सभासदांची नातवंडं करतात.

दुसरं काम नावांचं. सेवापुस्तकात 'पारूबाई', आधारवर 'पार्वती', बँकेत नवऱ्याचं नाव मधे घालून आणखी तिसरं. नवरा असेपर्यंत काही अडत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जावर तीन वेगवेगळ्या बायका उभ्या राहतात आणि ती एकच बाई आहे, हे तिने सिद्ध करायचं असतं. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, दोन साक्षीदार. एका महापालिकेत एका बाईंचं असं प्रकरण दीड वर्ष चाललं. उशीर झाला की आम्ही केरळ सरकार विरुद्ध पद्मनाभन नायर या १९८४च्या निकालाचा आधार देतो. निवृत्तीची देणी वेळेवर दिली नाहीत तर त्यावर व्याज द्यावं लागेल, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हे पत्र गेल्यावर फाईल हलते, असा आमचा अनुभव आहे.

तिसरं काम वसुलीचं. निवृत्तीच्या तोंडावर कोणीतरी जुना हिशेब काढतो आणि 'तुम्हाला अमुक साली वेतनवाढ चुकून जास्त दिली' म्हणून पैसे कापतो. चूक कारकुनाची, कापणी शिपायाच्या पेन्शनीतून. डिसेंबर २०१४मध्ये पंजाब विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करता येणार नाही. आमच्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं? कोणालाच नाही. निकाल इंग्रजीत, दिल्लीत, आणि नोटीस मराठीत, घरात.

चौथं काम उपदानाचं, म्हणजे ग्रॅच्युइटीचं. यात पैशाचा फरक मोठा असतो म्हणून जरा तपशिलात सांगतो. पेन्शन नियमांप्रमाणे दर पूर्ण सहामाहीला पाव पगार, म्हणजे वर्षाला अर्धा पगार. २०२५पर्यंत लागू असलेला १९७२चा उपदान कायदा मात्र महिन्याचे दिवस २६ धरत असे आणि वर्षाला १५ दिवसांचा पगार देत असे. समजा, हिशेबात धरायचा पगार ४०,००० रुपये आणि नोकरी ३० वर्षं. पहिल्या रीतीने ६,००,००० रुपये येतात, दुसरीने ६,९२,३०७. हा कायदा ८ जानेवारी १९८२च्या अधिसूचनेने स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू झाला. तरी 'आमचे पेन्शनीचे नियम वेगळे' असं म्हणत संस्था तो टाळत राहिल्या. दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात १९९८ साली आणि कानपूरच्या नगर निगमाच्या प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने पालिकेच्या नोकरांच्या बाजूने निकाल दिला. पालिकेचा नोकर राज्य सरकारचा नोकर नाही, या जुन्या वाक्याने आमच्या आधीच्या पिढ्यांचं नुकसान केलं होतं. इथे तेच वाक्य कामी आलं, कारण कायद्यातून सूट होती ती राज्य सरकारच्या नोकराला.

अशी संघटना चालवणं म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी म्हणतो, अर्धा वेळ दुसऱ्यांचे कागद आणि अर्धा वेळ संघटनेचेच. १८६०च्या कायद्याखाली नोंदणीला सात माणसं पुरतात. महाराष्ट्रात त्यावर १९५०चा सार्वजनिक न्यास कायदा लागतो. दरवर्षी लेखापरीक्षण, सर्वसाधारण सभा, इतिवृत्त. कार्यकारिणीत कोणी बदललं, वारलं, राजीनामा दिला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. आमच्यासारख्या संघटनेत पदाधिकारी वारणं ही नेहमीची गोष्ट. दुःखाच्या घरी जाऊन आल्यावर मृत्यूचा दाखला मागायला पुन्हा त्याच घरी जावं लागतं. बदल अर्ज वर्षानुवर्षं न दिल्यामुळे कागदावर केवळ दिवंगतांचीच कार्यकारिणी उरलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. त्यांच्या नावाने दिलेल्या पत्राला कोणी उत्तर देत नाही, आणि द्यावं तरी कोणाला?

भांडणंही आहेत. कार्यालयातला हुद्दा निवृत्तीनंतर पुसला जावा असं आपल्याला वाटतं; तो जात नाही. साहेब खुर्चीवर बसतात, मुकादम बाकावर, आणि कोठीवरच्या बाया दाराशी चपलांजवळ. आमच्याकडे दोन वर्षं वाद चालला तो याच गोष्टीवर: वर्गणी सगळ्यांची सारखी, तर कार्यकारिणीत झाडणकामवाल्या बायका का नाहीत? 'त्यांना लिहिता येत नाही' असं कारण दिलं जाई. शेवटी त्यांच्यातल्याच एकीने सभेत उभं राहून विचारलं की खजिनदाराला लिहिता येतं, मग मागच्या वर्षीचा हिशेब अजून का लिहून झाला नाही? त्या आज उपाध्यक्ष आहेत. सही करतात, हळूहळू, पण पूर्ण नावाची.

आता मूळ चिंतेकडे येतो. महाराष्ट्र सरकारने १ नोव्हेंबर २००५ला किंवा त्यानंतर नोकरीला लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली आणि अंशदानाची योजना आणली. महापालिकांनीही ती स्वीकारली, काहींनी पुढच्या तारखेपासून. पगारातून कापायचं, बाजारात गुंतवायचं, जे उरेल त्यातून पेन्शन. सफाई कामगारांच्या घरात याचा परिणाम जसा दिसतो तसा कुठेच दिसत नाही. लाड आणि पागे या समित्यांच्या शिफारशींमुळे महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. म्हणजे बाप निवृत्त होतो आणि मुलगा त्याच कोठीवर, त्याच रस्त्यावर कामाला लागतो. बापाला ठरलेली पेन्शन, महागाई भत्त्यासह, आणि त्याच्यामागे आईला कुटुंब पेन्शन. मुलाला काय मिळेल, हे त्याच्या निवृत्तीच्या दिवशीचा बाजार ठरवणार. एकाच घरातले दोन पेन्शनर तारखेने वेगळे केलेले. मार्च २०२३मध्ये राज्यातल्या कर्मचाऱ्यांनी आठवडाभर संप केला तो यासाठीच. त्यानंतर केंद्राने आणि राज्याने सुधारित योजना जाहीर केल्या. पूर्वीसारखं काही झालं का, याचं उत्तर ती मुलं निवृत्त होतील तेव्हा मिळेल.

आणि मार्च २०२५मध्ये केंद्राच्या वित्त विधेयकाबरोबर आणखी एक गोष्ट मंजूर झाली. पेन्शनरांमध्ये वर्ग करण्याचा आणि निवृत्तीच्या तारखेनुसार फरक करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, असं कायद्याने म्हटलं गेलं, तेही १९७२पासून मागे जाऊन. तो केंद्राच्या पेन्शनरांपुरता आहे. पण १९८२ साली कोर्टाने तारखेची जी रेघ पुसली, ती पुन्हा आखता यावी अशी ही तरतूद आहे, हे आमच्या सभेत सगळ्यांनाच समजलं. एकेका शब्दासाठी शंभर-शंभर वर्षं लागली आणि तो शब्द परत घ्यायला अर्थसंकल्पाचं एक अधिवेशन पुरलं.

म्हणून गेल्या सर्वसाधारण सभेत मी घटनादुरुस्तीचा ठराव ठेवला. सध्या आमचा सभासद होण्यासाठी 'महापालिकेचा निवृत्तिवेतनधारक' असावं लागतं. ही व्याख्या जशीच्या तशी राहिली, तर वीस-पंचवीस वर्षांत संघटना आपोआप संपेल, कारण या व्याख्येतली माणसं संपतील. ठराव असा होता की ज्याने शहराचं काम केलं तो सभासद. अंशदान योजनेतली मुलं, ठेकेदाराकडची सफाई कामगार माणसं, घरोघरचा कचरा वेचणाऱ्या बाया, सगळे. विरोध झाला. 'त्यांचा प्रश्न वेगळा, आपला वेगळा,' असं एक निवृत्त अधिकारी म्हणाले, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. ठेकेदाराच्या माणसाला फार तर भविष्यनिर्वाह निधीतली किमान १,००० रुपयांची पेन्शन. कचरा वेचणारीला तीही नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा ८० वर्षांखालच्या गरीब म्हाताऱ्यामागे महिना २०० रुपये आहे. २०१२ साली अरुणा रॉय आणि बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषद दिल्लीच्या जंतरमंतरवर बसली होती ती अशांसाठी. त्यांच्या आणि आमच्या आकड्यांत एवढं अंतर आहे की एका सतरंजीवर बसणं दोन्ही बाजूंना अवघड जाईल.

तरी मला वाटतं, बसलं पाहिजे. सार्वजनिक सभेच्या ९५ जणांत सरदार, इनामदार, सावकार आणि वकील होते. त्यांच्या मागच्या सहा हजारांत सगळेच तसे असणं शक्य नव्हतं. नकारा वित्त सल्लागार होते. त्यांच्या निकालाचा फायदा त्यांच्या कचेरीतल्या शिपायालाही झाला. ज्याच्या हाती कागद आहे त्याने ज्याच्या हाती नाही त्याच्या वतीने जायचं, एवढीच या सगळ्या इतिहासातली चाल आहे. ती मोडली की प्रत्येक जण पुन्हा एकटा कलेक्टरच्या दारात उभा.

ठराव पुढच्या सभेपर्यंत ठेवला आहे. घटनादुरुस्तीला तीन पंचमांश मतं लागतात, ती सध्या नाहीत. दरम्यान उपाध्यक्षबाईंनी कोठीवरच्या जुन्या ओळखीतून ठेक्यावरच्या माणसांच्या सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे. त्यांनी कोणाला विचारलं नाही आणि सार्वजनिक सभेचा इतिहास मी त्यांना सांगितलेला नाही. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी मला मजकूर लिहून द्यायला सांगितला: 'आमच्या वतीने बोलायला आम्ही यांना सांगितलं आहे.' मी तो लिहून दिला. खाली अंगठे आहेत, सह्या आहेत. मागच्या आठवड्यात मोजले तेव्हा ५०च्या पुढे गेले होते.